वनभोजनाचं पातेलं आणि बोस्टनचं बंदर



परवा आमच्या चौथीच्या वर्गाचं वनभोजन ठरलं आणि वर्गणीवरून भांडण जुंपलं. शेखर म्हणाला, "गुरुजी, सगळ्यांनी सारखे पैसे द्यायचे." लगेच नंदा उठली, "वा रे वा! तू सात जिलब्या खाणार, मी दोन. मग तुझ्याएवढे पैसे मी का देऊ?" मागून बाळू ओरडला, "मी तर जिलबी खातच नाही. मी वर्गणीच देणार नाही!"

खर्च वाटून घेणं दिसतं तेवढं सोपं नसतं. मोठ्या माणसांनाही हा प्रश्न पडतो, आणि तोही चक्क सांडपाण्यावरून! नाकाला रुमाल लावू नका, गोष्ट ऐका.

अमेरिकेत बोस्टन नावाचं मोठं बंदर आहे. आजूबाजूच्या अनेक गावांचं मैलापाणी तिथल्या जुन्या केंद्रांत यायचं, अर्धवट शुद्ध व्हायचं आणि बंदरात सोडलं जायचं. 1982 साली शेजारच्या क्विन्सी शहराचे वकील विल्यम गोल्डन किनाऱ्यावर पळायला गेले. पाहतात तो काय, वाळूत घाणच घाण! शहरानं कोर्टात दावा लावला. पुढे गावोगावच्या पाण्याची आणि मैलापाण्याची व्यवस्था पाहण्यासाठी राज्यानं एक स्वतंत्र मंडळ नेमलं. 1985 मध्ये ते कामाला लागलं. डिअर नावाच्या बेटावर भलंमोठं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं. शुद्ध झालेलं पाणी दूर समुद्रात सोडण्यासाठी समुद्राच्या तळाखालून सुमारे 15 किलोमीटर लांबीचा बोगदा खणला. तो 2000 साली सुरू झाला. सगळ्या कामाला जवळजवळ 4 अब्ज डॉलर लागले!

हे पैसे द्यायचे कोणी? सरकारची मदत थोडी होती. बाकीचा भार पडला 43 गावं-शहरांवर. लोकांची बिलं भराभर वाढली. आता बघा, फ्रॅमिंगहॅम हे शहर समुद्रापासून तीसएक किलोमीटर आत आहे. तिथला माणूस बाळूसारखंच म्हणू शकेल, "माझ्या दारात कुठं समुद्र आहे? मी का पैसे देऊ?" पण त्याच्या मोरीतलं पाणी तर त्याच बंदराकडे जातं ना! घाण दाराबाहेर गेली म्हणून ती आपली नाही, असं थोडंच आहे?

मग वाटणीची रीत ठरली. केंद्र रोज चालवण्याचा खर्च, म्हणजे वीज, औषधं, पगार, हा ज्या गावाकडून जितकं पाणी येतं त्या प्रमाणात. त्यासाठी वाहिन्यांवर मापकं बसवली. बांधकामाच्या खर्चाची रीत वेगळी. त्याचा पाव हिस्सा पाण्यावर आणि पाऊण हिस्सा लोकसंख्येवर. असं का? अहो, केंद्र बांधतानाच ते सगळ्यांना पुरेल एवढं मोठं बांधावं लागतं. पाणी कमी आलं म्हणून बांधलेली भिंत काही लहान होत नाही!

यात एक गंमत आहे. गावाच्या वाहिन्या जुन्या, फुटक्या असल्या की पावसाचं आणि जमिनीतलं चांगलं पाणीही आत झिरपतं. मापकाला काय कळणार, हे पावसाचं की मोरीचं? ते सगळंच मोजतं आणि गावाचं बिल फुगतं. म्हणून वाहिन्या दुरुस्त करण्यात गावाचाच फायदा. त्या कामाला मंडळ अनुदान आणि बिनव्याजी कर्जही देतं. नुसतं डोकी मोजून पैसे घेतले असते, तर फुटक्या वाहिनीकडे कोणी इतकं लक्ष दिलं असतं का?

आता एक गणित सोडवा पाहू. समजा, दोन गावं आहेत. रामपुरात 40,000 माणसं, रोजचं सांडपाणी 60 लाख लिटर. सोनगावात 10,000 माणसं, सांडपाणी 40 लाख लिटर. केंद्र चालवायचा खर्च 100 रुपये, बांधकामाचा खर्च 100 रुपये. बोस्टनच्या रीतीनं कुणाला किती पडतील? आणि सोनगाव एवढंसं, तरी पाणी इतकं कसं? उत्तर वहीत लिहून ठेवा, पुढच्या अंकात ताडून पाहू.

आमच्या वनभोजनाचं काय झालं म्हणता? ही गोष्ट ऐकून मुलांनीच तोडगा काढला. पातेल्यांचं भाडं सगळ्यांनी सारखं द्यायचं, जिलब्यांचे पैसे ज्यानं-त्यानं खाल्ल्याप्रमाणे. बाळूनं भाड्याचे पैसे मुकाट्यानं आणून दिले. पण खरकटी पातेली घासायची वेळ आली, तेव्हा स्वारी आंब्याच्या झाडावर चढून बसली होती. नंदानं हाक मारली, "बाळ्या, उतर खाली! भात तूही खाल्लास ना?"

बिचारा उतरला हो!

तुमचे,
गुरुजी