त्रुटीचा क्रमांक आणि त्रुटीचे कारण

सी भाषेतला प्रोग्राम फाइल उघडतो, नवी प्रोसेस सुरू करतो किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राशी जोडणी करतो, तेव्हा प्रत्यक्ष काम तो स्वतः करत नाही; ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, सोपवले जाते आणि ही विनंती ज्या ठरलेल्या वाटेने जाते तिला सिस्टिम कॉल म्हणतात. विनंती नाकारली गेली, तर युनिक्स परंपरेत तिचे उत्तर एका पूर्णांकापुरतेच मिळते. लिनक्समध्ये कर्नल १ ते ४०९५ यांमधला एखादा क्रमांक ऋण चिन्हासह परत करतो, मध्ये उभे असलेले सी लायब्ररीतले रॅपर फंक्शन तो क्रमांक ‘एर्नो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी ठेवते आणि प्रोग्रामच्या हाती उणे एक एवढेच मूल्य देते. कोणती फाइल हवी होती, तिच्या मार्गातल्या कोणत्या डिरेक्टरीपाशी अडले, कोणाचे अधिकार कमी पडले, यांपैकी काहीही त्या पूर्णांकात मावत नाही. फाइलचे नाव आणि कामाचा हेतू प्रोग्रामला ठाऊक असतो, आणि तोही त्याच क्षणी. तो क्षण सरल्यावर ही माहिती कोणत्याही साधनाने पूर्णपणे परत मिळवता येत नाही.

एवढी मोलाची माहिती बहुतेक प्रोग्राम टाकून देतात, याचे कारण एक जुनी आणि सोपी सवय आहे. एर्नोतल्या क्रमांकाचा मजकूर छापणारे ‘पीएरर’ हे फंक्शन युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि तोच मजकूर स्ट्रिंगच्या रूपात देणारे ‘स्ट्रएरर’ १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत आले. पीएररला जी स्ट्रिंग द्यायची, तिच्या जागी फंक्शनचेच नाव लिहिण्याचा प्रघात पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांनी रुजवला. परिणामी पडद्यावर ‘ओपन: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ एवढेच उमटते, म्हणजे काहीतरी उघडायचे होते आणि ते तिथे नव्हते. ज्याच्यासमोर स्रोत-संहिता आहे आणि डीबगर उघडा आहे, त्याला हे पुरेल. परंतु संदेश वाचणारा माणूस बहुतेक वेळा सर्व्हर सांभाळणारा असतो, त्याने तो प्रोग्राम लिहिलेला नसतो, आणि लॉगमधली ही एक ओळ त्याला पुढे काय करावे याविषयी काहीही सांगत नाही. त्याच ठिकाणी फाइलचा संपूर्ण मार्ग छापण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

मात्र मार्ग छापला की प्रश्न सुटला, असेही नाही, कारण एकाच क्रमांकामागे परस्परांशी संबंध नसलेली कारणे असतात. क्रमांक २, म्हणजे ‘ईनोएंट’, याचा अर्थ ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असा आहे. पण प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवणाऱ्या ‘एक्झेक’ या कॉलने तो दिला, तर दिलेली फाइल डोळ्यांसमोर असूनही संदेश खरा असू शकतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती चालवणाऱ्या इंटरप्रिटरचा मार्ग असतो आणि विंडोजवर तयार झालेल्या फाइलमध्ये त्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारे चिन्ह राहून जाते. कर्नल ते चिन्ह नावाचाच भाग मानतो, त्या नावाचा इंटरप्रिटर त्याला सापडत नाही, आणि वापरणारा मात्र समोर असलेल्या स्क्रिप्टकडे पाहून चक्रावतो. जीएनू सी लायब्ररीसाठी बांधलेला प्रोग्राम मसल ही निराळी सी लायब्ररी वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर नेला, तरी हेच घडते, कारण तिथे न सापडणारी वस्तू प्रोग्राम नसून त्याला स्मृतीत आणणारा डायनॅमिक लोडर असतो. क्रमांक २८, म्हणजे ‘ईनोस्पेस’, डिस्क भरल्याचे सांगतो. तथापि डिस्कवर मोकळी जागा असताना आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, संपल्या तरी तोच येतो, आणि फाइलींतल्या बदलांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘आयनोटिफाय’ या सोयीत एका वापरकर्त्याला मिळणाऱ्या पहाऱ्यांची मर्यादा संपली तरीही तोच येतो. या शेवटच्या प्रसंगी डिस्क रिकामी करत बसणाऱ्याचा सगळा वेळ फुकट जातो आणि त्याचा दोष संदेशाकडे जातो. फाइलचे नाव बदलणाऱ्या ‘रिनेम’ला तर दोन मार्ग दिलेले असतात, त्यामुळे त्यातला एकच छापणारा संदेश निम्म्या शक्यता लपवतो.

कारण शोधण्याआधी क्रमांक तरी खरा असला पाहिजे, आणि इथेच काळजीपूर्वक लिहिलेली संहितासुद्धा फसते. यशस्वी झालेला कॉल एर्नो शून्य करत नाही. म्हणून परत आलेल्या मूल्यावरून अपयश निश्चित झाल्याखेरीज एर्नोकडे पाहण्याला अर्थ नाही. ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ हा संदेश टर्मिनलचा मागमूसही नसलेल्या प्रोग्रामांत वर्षानुवर्षे दिसत आला, कारण आउटपुट टर्मिनलकडे चालले आहे का हे लायब्ररी आपल्या सोयीसाठी तपासत असे आणि त्या तपासणीचा क्रमांक, ‘ईनोटीटीवाय’, एर्नोमध्ये शिल्लक राहत असे. (याच क्रमांकाचा मजकूर पूर्वी ‘नॉट अ टायपरायटर’ असा होता आणि त्याने गोंधळात भरच घातली.) उलट बाजूने, अपयशानंतर संदेश तयार करता करता फाइल बंद केली, स्मृती मोकळी केली किंवा लॉगमध्ये आधी दुसरी ओळ लिहिली, तर त्यांपैकी कोणताही कॉल मूळ क्रमांक पुसून टाकू शकतो, म्हणून अपयश दिसताच तो स्थानिक चलात जपून ठेवणे हे पहिले काम ठरते. एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या अंमलबजावणीच्या धारांना, म्हणजे थ्रेडना, आता प्रत्येकी स्वतंत्र एर्नो मिळतो; स्ट्रएररची मजकूर ठेवण्याची जागा मात्र दीर्घकाळ सामाईक होती आणि जीएनू सी लायब्ररीत हे फंक्शन २०२० मधल्या २.३२ या आवृत्तीपासून थ्रेडसाठी सुरक्षित झाले. त्याला पर्याय असलेल्या ‘स्ट्रएरर-आर’चे दोन परस्परविसंगत अवतार आहेत: पॉसिक्स प्रमाणकाचा अवतार दिलेल्या बफरमध्ये मजकूर भरतो, तर जीएनूचा अवतार त्या बफरला हातही न लावता दुसरीकडचा पॉइंटर परत देऊ शकतो. परत आलेले मूल्य न पाहणारा प्रोग्राम अशा वेळी बफरमधला केरकचरा छापतो.

संदेशात कारणच सांगावे, हा विचार सर्वांत दूरवर नेला तो पीटर मिलर या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने. मेक या साधनाच्या चुकीच्या वापरावरील १९९८ च्या निबंधामुळे ते अधिक परिचित असले, तरी त्यांची ‘लिबएक्सप्लेन’ ही लायब्ररी या विषयावरचे सर्वांत गंभीर काम आहे. कॉल अयशस्वी झाल्यावर ती त्याला दिलेली सर्व मूल्ये वाचनीय रूपात मांडते, मग फाइलचा मार्ग टप्प्याटप्प्याने स्वतः तपासून कोणती डिरेक्टरी अस्तित्वात नाही किंवा कोणत्या डिरेक्टरीत शिरण्याचा अधिकार नाही हे सांगते, आणि नाव चुकले असेल असे दिसल्यास जवळचे नावही सुचवते. या पद्धतीची मर्यादा खरी आहे: तपासणी अपयशानंतर होते, तेवढ्या वेळात दुसऱ्या प्रोसेसने परिस्थिती बदललेली असू शकते, आणि सिग्नल हँडलरमध्ये तर इतके काम सुरक्षितपणे करताच येत नाही. तरीही संभाव्य कारण सांगणारा संदेश कारणाविषयी मौन पाळणाऱ्या संदेशापेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे. ही लायब्ररी प्रत्येक प्रकल्पात जोडावी असा आग्रह नाही. तिच्यामागची शिस्त मात्र कोणत्याही प्रकल्पाला परवडते.

ती शिस्त अशी, की संदेशात प्रोग्रामचे नाव असावे, करायचे काम वापरणाऱ्याच्या भाषेत असावे (‘ओपन’ असे नव्हे, तर ‘सेटिंगची फाइल वाचण्यासाठी उघडताना’ असे), ज्या वस्तूवर काम चालले होते तिचे नाव अवतरणचिन्हांत असावे, आणि शेवटी स्ट्रएररचा मजकूर यावा. अवतरणचिन्हे शोभेची नाहीत. नावाच्या टोकाला चिकटलेली मोकळी जागा किंवा साफ रिकामे राहिलेले नाव त्यांच्याखेरीज दिसत नाही. मार्ग सापेक्ष असेल, तर चालू डिरेक्टरीही सांगावी. मजकूर वापरणाऱ्याच्या भाषेच्या निवडीनुसार बदलतो, म्हणून ‘ईनोएंट’सारखे सांकेतिक नावही सोबत द्यावे, कारण शोध त्याच नावाने घेतला जातो. यजमान यंत्राचे नाव आणि पोर्ट जरूर छापावेत, पासवर्ड कधीही छापू नये. सिग्नलमुळे खंडित झालेला कॉल, म्हणजे ‘ईइंटर’, हा बहुधा पुन्हा करायचा असतो. त्याचा संदेश वापरणाऱ्याला देण्याचे प्रयोजन नाही.

अपयशाच्या या वाटा मुद्दाम घडवून आणता येत नाहीत, या सबबीवर त्या चाचणीत सहसा चालवल्याच जात नाहीत, पण ती सबब आता टिकणारी नाही. स्ट्रेस या साधनाने कोणत्याही सिस्टिम कॉलला हवा तो क्रमांक देऊन मुद्दाम अपयशी करता येते, आणि लिनक्समधली ‘/डेव्ह/फुल’ ही विशेष फाइल तर प्रत्येक लेखनाला ‘ईनोस्पेस’ असेच उत्तर देते. वाचकांनी आपल्या प्रोग्रामचे आउटपुट एकदा तिच्याकडे वळवून पाहावे. सी भाषेच्या पहिल्या धड्यातला, जगाला नमस्कार करणारा प्रोग्राम तिथे एक अक्षरही लिहू शकत नाही. तरीही तो काही न बोलता संपतो आणि यशाचा शून्य परत करतो, कारण बफरमधला मजकूर शेवटी बाहेर टाकताना आलेले अपयश त्यात कोणी तपासलेलेच नसते.