दाखल्यावाचूनचा स्वीकार

मराठी बायबलात येशूच्या बोधकथेला 'दाखला' म्हणतात. आमच्या जिल्ह्यात दाखला म्हणजे जातीचा, रहिवासाचा किंवा उत्पन्नाचा. तो हाती असल्याशिवाय कोणत्याच दारात उभे राहता येत नाही. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या किती विरोधात जाऊ शकतात, ते आम्हाला जानेवारी २०२० मध्ये उमगले, आणि तेही आमच्याच वर्तनातून.

९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत शेजारच्या उस्मानाबादेत (आता धाराशिव) भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड जाहीर होताच विरोध सुरू झाला. धर्मोपदेशक मराठी साहित्याच्या व्यासपीठावर कशासाठी, असा सवाल केला गेला. धमकीच्या दूरध्वनींच्या बातम्या आल्या. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही जाऊ नका असे सुचवण्यात आले, ते आले. प्रकृती साथ देत नसतानाही दिब्रिटो आले. (बीड जिल्ह्याने १९८३ साली अंबाजोगाईत संमेलन पाहिले होते, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. तेव्हा अध्यक्षाचा धर्म कोणी विचारला नाही, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. विचारण्याची वेळच आली नव्हती, हे सोयीस्करपणे विसरून.)

विरोधकांविषयी आम्हाला फार लिहायचे नाही. त्यांची भूमिका स्पष्ट होती आणि तिचा प्रतिवाद सोपा होता. आमचा वाद आहे तो दिब्रिटोंच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांशी, म्हणजे प्रथम स्वतःशीच. आम्ही काय केले? त्यांचे दाखले गोळा केले. 'सुबोध बायबल', त्याला मिळालेला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार, 'सुवार्ता'चे संपादन, हरित वसईचा लढा, तुकोबांवरचे प्रेम. फादर असूनही ते किती 'आपले' आहेत, हे आम्ही हिरिरीने सिद्ध करत होतो. या वाक्यातले 'असूनही' आम्हाला खटकले नाही. ते खटकले द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याला. त्याने विचारले, "सर, त्यांनी यातलं काहीच केलं नसतं तर?"

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. धनी पहाटे मजूर ठरवतो; पुढे दिवसभर अधूनमधून चौकात जाऊन आणखी काही जणांना आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असतानाही तिथे काही जण उभेच असतात, कारण त्यांना कोणी कामावर घेतलेले नसते. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी मिळते आणि पहाटे आलेले कुरकुरतात. ही गोष्ट अन्यत्र रूपक म्हणून शिकवावी लागत असेल. बीडमध्ये तिला टीपा लागत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडून कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या घरांतली मुले आमच्या वर्गात असतात. तोडीला जाणाऱ्या जोडप्याला ती 'कोयता' म्हणतात, जोडीदार नसलेल्याला 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचल जोडी पाहून ठरते, हिशोब टनावर होतो. विधवेला, म्हाताऱ्याला टोळीत कोण घेणार? दाखला सांगून झाल्यावर त्याच विद्यार्थ्याने तो आमच्यापेक्षा नेमका सांगितला: "म्हणजे अर्ध्या कोयत्याला पुरी मजुरी दिली. तीही टन न मोजता."

ख्रिस्ती धर्मविचारात कृपा म्हणतात ती हीच. ती गुणांचे बक्षीस नाही. चौकात उरलेल्या माणसाला धनी आधी मळ्यात नेतो. त्याची लायकी तपासून मग नव्हे. आम्ही मात्र दिब्रिटोंचे टन मोजत बसलो.

यावर आक्षेप येईल की अध्यक्षपद हा गुणांचाच सन्मान आहे, तिथे कृपा कशाला? मान्य. पद गुणांवरच मिळावे. परंतु दिब्रिटोंच्या लेखनाचा दर्जा हा त्या वादाचा विषयच नव्हता. ते मराठीचे आहेत की नाहीत, हा होता. मराठीचे असणे हे पद नव्हे, त्याला पात्रतेची अट लावता येत नाही. दर्जाचा युक्तिवाद करताना आम्ही विरोधकांची अट मान्य केली आणि ती पुरी झाल्याचे पुरावे तेवढे जोडले.

शिवाय अशा पुराव्यांनी दार उघडते, असा इतिहासही नाही. चोखोबांच्या भक्तीवर कोणी शंका घेतली नाही, तरी त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. तेव्हा या मळ्यात उशिरा आलेले म्हणून ख्रिस्ती लेखकांकडे बोट दाखवणे तर हास्यास्पदच. आणि रेव्हरंड ना. वा. टिळक? फुलामुलांचे कवी म्हणून ते आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. १८९५ चा बाप्तिस्मा मात्र चरित्रातल्या अपघातासारखा दोन वाक्यांत उरकला. त्यांच्यातला जेवढा भाग आपल्यासारखा वाटला तेवढा आत घेतला, उरलेला उंबऱ्याबाहेर ठेवला.

कृपेचा शब्द सांभाळणाऱ्या चर्चमध्येही जातीची उतरंड शिरली, याची कबुली खुद्द ख्रिस्ती विचारवंतांनी दिली आहे. पण तो हिशोब त्यांनी मांडावा. आमचा आम्हाला पुरेसा आहे.

संमेलनानंतर आम्ही आग्रह धरून विभागासाठी 'सुबोध बायबल'ची प्रत मागवली. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो गेले. श्रद्धांजलीचे चार शब्द लिहायचे म्हणून ती प्रत ग्रंथालयातून काढली, तेव्हा आतल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती. पहिली तारीख आमची पडली.