ॲव्होगॅड्रोंच्या नावावर खपवलेला आकडा

१/ "६.०२२ × १०²³ हा अंक ॲव्होगॅड्रोंनी शोधला." धुळे-जळगावच्या शिकवण्यांपासून मुंबईपर्यंत सर्रास ऐकू येणारे हे वाक्य साफ खोटे आहे.

२/ ॲव्होगॅड्रो १८५६ साली निवर्तले. १८११ मध्ये त्यांनी मांडले ते एवढेच: समान तापमान व दाब असता समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते. ती किती, हे त्यांना अखेरपर्यंत ठाऊक नव्हते. रेणूच्या आकाराचा पहिला अंदाज १८६५ साली व्हिएन्नात लोश्मिट यांनी बांधला. अंकाला ॲव्होगॅड्रोंचे नाव दिले फ्रान्सच्या पेरँ यांनी, १९०९ मध्ये. १९०६ साली खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा त्या अंकाला हे नावही नव्हते! आणि 'मोल' हा शब्द रूढ करणारे ओस्टवाल्ड त्या काळी अणूंचे अस्तित्वच मानत नव्हते. (आपल्या मोलभावाशी या शब्दाचे नाते नाही.)

३/ "सनावळीने काय बिघडते?" बिघडते. इतिहासात वजन आधी आले, मोजदाद नंतर. आपण मात्र अंक आधी घोकून घेतो आणि मोलर वस्तुमानाचा मंत्र करून टाकतो.

जळगावच्या सराफ बाजारात तोळाभर सोने व तोळाभर चांदी तराजूत सम भरतात. अणू मात्र चांदीत सुमारे १.८ पट अधिक असतात. कारण सोन्याचा अणुभार १९७, चांदीचा १०८. अणुभाराइतके ग्रॅम तोलले की एक मोल. तेव्हा १९७ ग्रॅम सोन्यासमोर १०८ ग्रॅम चांदी ठेवा. काटा कलेल, पण दोन्हींकडे अणू सारखेच. या हिशेबात तो तेविसाव्या घाताचा अंक कुठे लागला?