मालक बदलण्याचा हक्क

१२ जून २०२४ रोजी पहाटे कुवेतमधील मंगाफ येथे परदेशी कामगारांनी भरलेल्या एका इमारतीला आग लागली आणि सुमारे ५० माणसे गुदमरून वा होरपळून मेली. त्यांपैकी ४५ भारतीय होती. वायुदलाच्या विमानाने शवपेट्या कोचीला आल्या, मंत्री विमानतळावर उभे राहिले, मदतीच्या रकमा जाहीर झाल्या आणि पंधरवड्याच्या आत विषय मागे पडला. इमारतीत माणसे किती कोंबली होती आणि सुरक्षेचे नियम कोणी मोडले, याची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. परंतु त्या रहिवाशांपैकी एखाद्याने आदल्या महिन्यात ‘अशा खुराड्यात मी राहणार नाही’ असे म्हटले असते, तर त्याला दुसऱ्या मालकाकडे जाण्याची मोकळीक होती काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. स्थलांतरित कामगारांविषयीच्या कोणत्याही कायद्याची परीक्षा खरे तर याच प्रश्नाने करावी लागते.

आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांतील कष्टकऱ्यांचे तेथील जीवन ‘कफाला’ या पद्धतीने बांधलेले असते. कफील म्हणजे जामीन राहणारा. परदेशी कामगाराच्या वास्तव्याचा परवाना एका विशिष्ट मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. तो जामीन आहे तोवर कामगार त्या देशात कायदेशीर. मालकाच्या संमतीवाचून काम सोडले, तर ‘फरार’ म्हणून तक्रार नोंदवता येते आणि कालपर्यंत कायदेशीर असलेला माणूस एका कागदाने बेकायदा ठरतो. मग पकड, कोठडी आणि परत पाठवणी. ज्यांना आपण बेकायदा स्थलांतरित म्हणतो, त्यांतील कितीतरी माणसांनी कोणतीही सीमा चोरून ओलांडलेली नसते. कायद्यानेच त्यांना बेकायदा बनवलेले असते.

मजुराची सौदाशक्ती शेवटी ‘हे काम मला नको’ असे म्हणण्याच्या त्याच्या शक्यतेत असते. संप हे त्याच शक्यतेचे सामुदायिक रूप होय. ती शक्यता काढून घेतली की बाकीचे आपोआप घडते. पगार तीन-तीन महिने थकवता येतो, करारात लिहिलेल्या सुताराला हमालीला लावता येते, पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवता येतो. यांतल्या पुष्कळ गोष्टींना खुद्द आखाती देशांच्या कायद्यातही बंदी आहे. परंतु तक्रार करणाऱ्याचे त्या देशातले अस्तित्वच प्रतिवादीच्या सहीवर अवलंबून असेल, तर तक्रार करणार कोण?

भारतीयांना ही रचना अपरिचित नसावी. १८३४ पासून मॉरिशसकडे आणि पुढे गियाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजीकडे लक्षावधी भारतीय मजूर ‘गिरमिटा’वर नेले गेले. एग्रिमेंटचे गिरमिट झाले. करार पाच वर्षांचा असे, आणि काम सोडणे किंवा कामावर न जाणे हा केवळ करारभंग न राहता फौजदारी गुन्हा ठरे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली वरिष्ठ कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. १९१२ साली त्यांनी ही पद्धतच सर्वत्र रद्द करण्याचा ठराव आणला. तो सरकारी बहुमताने फेटाळला गेला. त्या वेळच्या त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आजही उपयोगी आहे. मजुरी कमी मिळते एवढ्यावर गोखले थांबले नाहीत. अनोळखी देशात, स्वतः न निवडलेल्या मालकाकडे, नीट न समजलेल्या कराराने माणूस बांधला जातो, ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याला सुटता येत नाही आणि सुटू पाहिल्यास तुरुंग मिळतो, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. भरती १९१७ साली थांबली आणि उरलेले करार १९२० च्या आरंभी संपुष्टात आले. ते पाहायला गोखले हयात नव्हते.

आखातात जाणारा गिरमिटिया नव्हे, असे यावर सांगितले जाईल, आणि त्यात तथ्य आहे. तो स्वखुशीने जातो, सुट्टीवर घरी येतो, पैसे पाठवतो. २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी धाडले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे, आणि त्यात आखाताचा वाटा मोठा आहे. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कितीतरी गावांत पक्के घर, मुलांची शाळा, बहिणीचे लग्न हे सारे दुबई-कुवेतच्या पैशावर उभे आहे. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांचे कुवेत-बहारीनशी असलेले नातेही असेच दोन-तीन पिढ्यांचे आहे. या माणसांना ‘जाऊ नका’ म्हणण्याचा अधिकार, ज्यांनी त्यांना गावात काम दिले नाही, त्यांना मुळीच नाही. पण स्वखुशी या शब्दाला कर्जाची एक बाजू असते. परवानाधारक भरती एजंटाने कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा अधिक घेऊ नये, असा भारताचा नियम आहे. प्रत्यक्षात एजंट, त्याचा पोटएजंट आणि व्हिसा विकणारा तिकडचा मध्यस्थ यांचे हात ओले करता करता रक्कम कित्येक पटींनी फुगते. तथाकथित ‘आझाद व्हिसा’ तर नावापुरता आझाद: कागदावर एक कफील, काम भलतीकडेच, आणि पकडला गेला तर गुन्हेगार कामगार. दागिने गहाण टाकून, जमीन लिहून देऊन गेलेला माणूस कर्ज फिटेपर्यंत परत येऊ शकत नाही आणि मालकही बदलू शकत नाही. दोन्हीकडून दोर बांधलेल्या अवस्थेला खुशी म्हणणे ही भाषेची चैन आहे.

आपला कायदा या माणसाकडे कसा पाहतो? १९८३ चा उत्प्रवासन कायदा करताना हेतू फसवणूक रोखण्याचा होता. एजंटांना परवाना आणि अनामत सक्तीची करणे ही त्याची जमेची बाजू. परंतु त्याचा भर राहिला तो जाणाऱ्यावर. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शिक्का बसतो आणि ठरावीक १८ देशांत कामासाठी जाताना त्याला सरकारी मंजुरी लागते. पदवीधर मात्र कोठेही जाण्यास मोकळा. घरकामासाठी या देशांत जाणाऱ्या ३० वर्षांखालील स्त्रीला ही मंजुरीच मिळत नाही. संरक्षणाच्या नावाने घातलेल्या या बंदीने स्त्रिया घरी राहिल्या असे झाले नाही. पर्यटकाच्या व्हिसावर, तिसऱ्याच देशातून त्या गेल्या आणि सरकारी नोंदीबाहेर पडल्या. शिवाय यादी देशांची आहे, कामाच्या अटींची नाही. २०२३ साली इस्रायलने पॅलेस्टिनी बांधकाम मजुरांना दूर केल्यावर त्यांच्या जागी भारतीय मजूर पाठवण्याची भरती हरयाणात आणि उत्तर प्रदेशात सरकारी यंत्रणेच्या साह्यानेच झाली. कामगार संघटनांनी विरोध केला. इस्रायल त्या यादीत नसल्यामुळे युद्धग्रस्त भूमीवर जाणाऱ्या या मजुरांना १९८३ च्या कायद्याची मंजुरी लागत नव्हती!

या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचे मसुदे २०१९, २०२१ आणि २०२५ अशा तीन वेळा परराष्ट्र मंत्रालयाने लोकांपुढे ठेवले. २०२१ च्या मसुद्यात नियम मोडणाऱ्या कामगाराला दंड करण्याची आणि त्याचा पासपोर्ट रद्द करण्याचीही तरतूद होती. ज्याच्यासाठी कायदा, त्याच्यावरच बडगा. मालकाने पासपोर्ट काढून घेतला म्हणून रडणाऱ्या माणसाला ‘आम्हीही काढून घेऊ’ असे सांगणारे सरकार हे काही त्याचे पालक नव्हे.

त्याहूनही बोलकी घटना २०२० ची आहे. आखाती देशांत जाणाऱ्या भारतीयांसाठी किमान शिफारस वेतन ठरवलेले असते; त्याखाली करार असेल तर मंजुरी देऊ नये, असा संकेत आहे. महामारीत लक्षावधी माणसे थकीत पगार तिकडेच सोडून परतत असताना, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भारत सरकारने हे वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. समर्थन असे की, आपला मजूर महाग झाला तर त्याच्या जागी बांगलादेशी किंवा नेपाळी मजूर घेतला जाईल. तेलंगणात प्रकरण उच्च न्यायालयात गेले, निषेध झाला आणि २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. परंतु त्यामागचा युक्तिवाद मागे घेतला गेला आहे असे दिसत नाही, म्हणून तो तपासला पाहिजे. भारताने दर उतरवला तर बांगलादेश उतरवील, मग नेपाळ, आणि शेवटी सर्वांना पूर्वीइतकीच कामे मिळतील, निम्म्या पगारावर. संपकाळात दुसरा तयार आहे म्हणून कमी मजुरीवर कामावर जाणाऱ्याला मुंबईच्या गिरणीकामगाराने कोणत्या शब्दांत समजावले असते, ते सांगायला नको. तेच आता सरकारांना समजावायचे आहे. मजूर पाठवणाऱ्या आशियाई देशांचे ‘कोलंबो प्रक्रिया’ नावाचे व्यासपीठ २००३ पासून आहे. २०२४ साली त्याचे अध्यक्षपद भारताकडे आले. एकच किमान वेतन, एकच नमुना करार आणि तो मोडणाऱ्या कंपनीवर सर्व देशांचा एकत्र बहिष्कार, एवढे या व्यासपीठावरून साधले, तर तो जगातील मोठ्या संपांच्या तोलाचा विजय ठरेल.

कायदे बदलतच नाहीत, असेही नाही. कतारने २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी आणि २०२० साली घरकामगारांसाठीही देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली. २०२० मध्येच नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकतीची अट रद्द केली आणि २०२१ पासून १,००० रियाल किमान वेतन सर्व देशांच्या कामगारांना लागू केले. त्यामागे विश्वचषकाच्या निमित्ताने झालेली बदनामी होती, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपुढील तक्रार होती आणि जगभरच्या बांधकाम कामगार संघटनांचा रेटा होता. अंमल अपुरा आहे, सूडाने ‘फरार’ ठरवण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. तरीही दगडाला पाझर फुटतो हे दिसले. उलट कुवेतने १ जुलै २०२५ पासून खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगारांना देशाबाहेर जाण्यासाठी मालकाच्या संमतीचा परवाना नव्याने सक्तीचा केला. मंगाफच्या आगीला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते.

या बाबतीत भारताने कठोर बोलावे अशी अपेक्षा करताना आपले स्वतःचे घरही पाहावे लागते. स्थलांतरित कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९० साली संमत झाला, २००३ पासून अमलात आहे. त्यावर आखाती देशांनी सही केलेली नाही, तशी भारतानेही नाही. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी १९७९ साली केलेला कायदा बव्हंशी कागदावर राहिला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता अमलात आल्या तेव्हा त्याने दिलेला विस्थापन भत्ताही गेला. बीडचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि नवरा-बायकोचा ‘कोयता’ हंगामभर त्या उचलीला बांधला जातो. ती फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. कफील आणि मुकादम यांत अंतर समुद्राचे आहे, न्यायाचे नाही. आणि परप्रांतीय मजुराने मराठी माणसाची मजुरी पाडली, असे जे मुंबईत वरचेवर सांगितले जाते, त्याचेही उत्तर इथेच आहे. मजुरी पाडतो तो हक्कहीन मजूर ठेवणारा मालक. उपऱ्याला संघटित होण्याचा आणि काम सोडण्याचा हक्क मिळाला की स्थानिकाचाही दर टिकतो.

तेव्हा नव्या कायद्यात प्रथम यायला हवी ती एजंटाच्या फसवणुकीची भरपाई एजंटाकडून आणि त्याला काम देणाऱ्या परदेशी कंपनीकडून, दोघांकडूनही, वसूल करण्याची तरतूद. भरतीचा सारा खर्च मालकाने सोसावा. कामगाराकडून एक रुपयाही घेऊ नये. शिक्षणावरून आणि वयावरून घातलेले शिक्के काढून टाकावेत आणि मंजुरी मागायची ती कामाच्या करारासाठी, माणसासाठी नव्हे. पंधरा-वीस देशांशी केलेल्या करारांत मालक बदलण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा, आणि परतलेल्या कामगाराला इथे बसून तिकडच्या न्यायालयात थकीत पगाराचा दावा चालवता यावा, त्याचा खर्च भारतीय दूतावासांकडे जमणाऱ्या कल्याणनिधीतून व्हावा. हा निधी कामगारांच्याच सेवाशुल्कातून उभा राहतो.

दिल्लीत हे होईल तेव्हा होईल. तोवर चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतील कार्यकर्त्यांना एक काम लगेच हाती घेता येईल: २०२० साली पगार सोडून परतलेल्यांची गाववार नोंद. कंपनीचे नाव, कराराची प्रत, थकलेले महिने, एजंटाला दिलेली रक्कम. अशी नोंद सरकारने केलेली नाही, आणि ती हाती असल्याखेरीज मंत्रालयाच्या पायऱ्या चढण्यात अर्थ नाही.