नव्या गोंदणाची जखम आणि दमट किनारा

पणजी : गोव्याच्या किनारपट्टीवर सुटीसाठी येणारे अनेक तरुण परतताना अंगावर एक नवे गोंदण घेऊन जातात. कळंगुट, बागा, हणजूण या पट्ट्यात टॅटूची दुकाने शोधावी लागत नाहीत. सुटी मात्र तीन-चार दिवसांचीच असते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी गोंदण काढले, की उरलेले दिवस समुद्रात आणि उन्हात जातात. वैद्यकीय दृष्टीने हा क्रम उलटा हवा. टॅटूविषयीच्या आपल्याकडील चर्चेत सुई आणि शाई यांच्यावर जेवढा भर दिला जातो, तेवढा गोंदणानंतरच्या पंधरवड्यावर दिला जात नाही. उष्ण आणि दमट हवेत खरी कसोटी याच काळात लागते.

टॅटूची सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाऊन शाई अंतस्त्वचेत सोडते. बाहेरून सुबक दिसणारे चित्र प्रत्यक्षात असंख्य सूक्ष्म छिद्रांची उघडी जखम असते. तिच्यातून पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखा स्राव येतो, मग पापुद्रे धरतात आणि खाज सुटते. वरची त्वचा भरून येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. आतील थर पूर्ववत होण्यास त्याहून अधिक काळ जातो.

या काळात काय करावे, याविषयी इंटरनेटवर मिळणारे सल्ले बहुतांशी युरोप-अमेरिकेतील आहेत. हिवाळ्यात कृत्रिम उष्णतेने कोरड्या झालेल्या खोलीत त्वचा तडकू नये म्हणून तेथे मलमाचा जाड थर उपयोगी पडत असेल. पणजीच्या किंवा मुंबईच्या हवेत त्याच थराखाली घाम कोंडतो, त्वचा ओली राहून भुसभुशीत होते, केसांच्या मुळाशी पुळ्या येतात आणि जंतूंना हवे ते सारे मिळते. म्हणून येथे नियम साधा ठेवावा लागतो. हात साबणाने धुऊन, कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरून जखम दिवसातून दोन-तीन वेळा हलकेच धुवावी, स्वच्छ कापडाने न घासता टिपून घ्यावी, पूर्ण कोरडी झाल्यावर सुगंधरहित मलमाचा अगदी पातळ थर लावावा. घाम आल्यास पुन्हा धुवावे, मलमावर मलम चढवू नये. कपडे सैल, सुती असावेत. काही स्टुडिओ हल्ली जखमेवर पारदर्शक चिकट पट्टी लावतात. ती चांगली असली तरी तिच्याखाली घाम साचला किंवा कडा सुटली, की सांगितलेल्या मुदतीची वाट न पाहता काढावी. हळद किंवा घरचे खोबरेल तेल लावण्याची सूचना वडीलधारी मंडळी प्रेमाने करतात, पण निर्जंतुक नसलेला कोणताही पदार्थ उघड्या जखमेवर नको.

समुद्राबाबत मात्र तडजोडीला जागा नाही. अमेरिकेतील ३१ वर्षांच्या एका पुरुषाने गोंदणानंतर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहण्याची चूक केली. ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ या जिवाणूचा संसर्ग होऊन सुमारे दोन महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला. हे प्रकरण २०१७ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात नोंदवले गेले. त्या रुग्णाला यकृताचा जुनाट आजार होता आणि अशी घटना विरळाच, हेही सांगायला हवे. तथापि हा जिवाणू कोमट, खाऱ्या पाण्यातच फोफावतो, आणि आपल्या किनाऱ्यांवर पाणी वर्षभर कोमट असते. हॉटेलचा तलाव, नदी, धबधबा यांनाही हेच लागू. निदान तीन-चार आठवडे पाण्यात उतरू नये. उन्हाचेही तसेच. जखम भरेपर्यंत सनस्क्रीन न लावता ती कपड्याने झाकावी. सनस्क्रीनची पाळी त्यानंतर येते.

भारतात आणखी एक अडचण आहे, ती औषधाच्या दुकानात. खाज सुटली, लाली दिसली की स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली ट्यूब आणून लावण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशी बांधली, तरी सवय सुटलेली नाही. स्टेरॉइडमुळे लाली तात्पुरती मावळते. मात्र जखम भरणे लांबते आणि संसर्ग झाकला जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वेदना वाढत असतील, लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, तर थेट डॉक्टरांकडे जाणे योग्य.

तोवर पर्यटक नागपूरला, इंदूरला किंवा बंगळुरूला परतलेला असतो. जखम गोव्यात झाली, लक्षणे घरी दिसली, आणि हे दोन्ही जुळवून पाहण्याचे काम कोणाचेच नाही. २०२५ च्या आरंभी कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी शाईतील जड धातूंचा प्रश्न उपस्थित करून केंद्राने मानके ठरवावीत, अशी भूमिका घेतली. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील व्याख्या शरीराच्या आत सोडल्या जाणाऱ्या प्रसाधनांपर्यंतही जाते. त्यामुळे आधार अगदीच नाही असे नव्हे. युरोपीय संघाने शाईतील हजारो रसायनांवरील निर्बंध जानेवारी २०२२ पासून लागू केले. आपल्याकडेही मानके यावीत, पण ती बाटलीपुरती असतील. घाम, समुद्र आणि केमिस्टची ट्यूब त्यांच्या कक्षेत येणार नाही.

मध्य भारतातील बैगा समाजात गोंदणाचा हंगाम हिवाळ्याच्या चाहुलीने सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. पावसाळा त्यात नाही. ती पद्धत निर्जंतुक होती असा दावा कोणी करू नये, मात्र हवेचा विचार तिच्यात होता. शहरी स्टुडिओ बाराही महिने चालतात आणि तसे चालायला हरकतही नाही. काम सुरू करण्यापूर्वी ‘परतीचा प्रवास कधी?’ एवढे विचारणे, गोंदणासाठी सुटीचा शेवटचा दिवस सुचवणे, शाईचा बॅच क्रमांक लिहून देणे आणि ग्राहकाला कळेल अशा भाषेत सूचनांचा कागद हाती ठेवणे, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.