गाडीवरचा विश्वास उडतो तेव्हा

विश्रामबागेतल्या एका तरुणाने अलीकडे आम्हाला विचारले, “गाडी परत करून टाकली तर कर्ज संपेल का?”

दोन वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून सेकंडहँड गाडी घेतली होती. पहिल्या पावसाळ्यानंतर वायरिंगचे दुखणे सुरू झाले. सांगली-मिरज रस्त्यावर गाडी दोनदा बंद पडली. त्यातल्या एका वेळी मागच्या सीटवर अम्मी होती, दर्ग्याला निघालेली. शेवटी एका मेकॅनिकने सीटखालचा गालिचा उचलून सुकलेला गाळ दाखवला. ही गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी होती. त्या दिवसापासून घरातले कोणी त्या गाडीत बसायला तयार नाही. हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गाडी आणि कर्ज या दोन वेगळ्या गाठी आहेत आणि त्या वेगवेगळ्याच सोडवाव्या लागतात. हे माहीत नसल्यामुळे आपली बरीच मुले एकतर हप्ता थांबवतात किंवा गाडी मिळेल त्या किमतीला कोणाच्या तरी गळ्यात मारतात. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत.

आधी कर्जाचे पाहू. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याने हायर-पर्चेसवर गाडी घेणाऱ्याला करार मध्येच संपवून गाडी परत देण्याचा हक्क दिला आहे. साधारणपणे एकूण रकमेच्या निम्म्यापर्यंतच त्याची जबाबदारी राहते. आपल्याकडेही १९७२ साली संसदेने हायर-पर्चेस कायदा केला होता. किमान चौदा दिवसांची लेखी नोटीस देऊन आणि वस्तू परत करून करार संपवता येईल, अशी तरतूद त्यात होती. पण तो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. आज आपल्याकडची बहुतेक वाहनकर्जे हायर-पर्चेस नसतात. गाडी तुमच्या नावावर असते, तारण म्हणून आरसी बुकावर कर्ज देणाऱ्याची नोंद असते. म्हणून गाडी यार्डात नेऊन सोडली तरी कर्ज संपत नाही. तिचा लिलाव होतो, कमी पडलेली रक्कम तुमच्याकडून मागितली जाते, आणि तुम्ही दिली नाही तर जामीनदाराकडून. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तो जामीनदार बहुधा आपला चाचा किंवा मामू असतो. तुमचा थांबलेला हप्ता त्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

मग कर्ज लवकर संपवायचे कसे? कर्ज देणाऱ्याकडे फोरक्लोजर स्टेटमेंट लेखी मागा. उदाहरण घेऊ. ४ लाख रुपये, १४ टक्के व्याज, ५ वर्षे. हप्ता सुमारे ९,३०० रुपये येतो. दोन वर्षांत तुम्ही सुमारे २ लाख २३ हजार भरलेत. त्यातले जवळपास ९६ हजार व्याजात गेले, मुद्दल फिटले सुमारे १ लाख २८ हजार. म्हणजे २ लाख ७२ हजार बाकी आहेत. करारात मुदतपूर्व फेडीचे शुल्क ५ टक्के असेल तर आणखी साडेतेरा हजार, वर कर. बाजारात गाडीचे २ लाख ३० हजार येत असतील तर ५५ हजारांहून जास्त रक्कम पदरची घालावी लागेल. हा आकडा कडू आहे, पण हप्ते थकवून होणाऱ्या नुकसानीपेक्षा तो परवडतो.

शुल्काबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, म्हणजे मराठीत मागता येते. त्यात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ हा फोन क्रमांक आहे.

पूर्ण रक्कम भरली की एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओत बोजा उतरवा. ‘सेटलमेंट करून टाक’ या सल्ल्याला लगेच मान डोलावू नका. कर्ज ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाणे आणि पूर्ण फेडून बंद होणे यात फरक आहे. पुढे घरासाठी किंवा धंद्यासाठी कर्ज मागाल तेव्हा ती नोंद आडवी येते.

दुसरी गाठ गाडीची. पुराची गोष्ट लपवून गाडी विकली असेल तर तो विक्रेत्याचा दोष आहे आणि त्याचा जाब विचारता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवे, म्हणून आजचे उद्यावर टाकू नका. प्रत्येक दुरुस्तीचे जॉबकार्ड, विक्रेत्याला पाठवलेले मेसेज आणि जाणकाराचा लेखी अहवाल सांभाळून ठेवा. ‘मन उडाले’ हे आयोगापुढे चालत नाही, दोष दाखवावा लागतो. दोष दाखवता आला तर न्याय मिळतो. अपघातात एअरबॅग न उघडलेल्या ह्युंदाई गाडीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सुरुवातीचा सल्ला मिळतो.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. त्या तरुणाला एका मित्राने सुचवले होते, “इंटिरियर धुऊन घे आणि कराडकडच्या गिऱ्हाईकाला देऊन टाक.” २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याने सांगलीची काय दशा केली ते आपण पाहिले आहे. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून विकणारा जो कोणी होता, त्यानेही हाच विचार केला असणार. आपण ती पुढे ढकलली तर आपल्यात आणि त्याच्यात फरक काय?

पैगंबर (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी त्याला विचारले. हा किस्सा आपण मदरशात ऐकला आहे. गाडी विकताना तो आठवायला हवा. फिकहमध्ये लपवलेली खोट निघाली तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क आहे, त्याला खियारुल ऐब म्हणतात. तो हक्क आपल्याला हवा असेल तर पुढच्याला देण्याची तयारीही हवी. गाडी विका, पण दोष सांगून, तो कागदावर लिहून विका, भाव कमी आला तरी. आणि आरसी नावावरून उतरल्याशिवाय चावी देऊ नका. आरटीओत नाव तुमचे राहिले तर अपघाताची भरपाई तुमच्यावर येते, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

शेवटचे, घरातल्या मोठ्यांसाठी. ‘व्याजाच्या गाडीला बरकत कुठली’ असे म्हणून मुलाला गप्प बसवणे सोपे आहे. व्याजाचा वाद आपल्यात जुना आहे आणि तो होत राहो. पण अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला मुदत द्या, असे सूरह बकराची २८०वी आयत सांगते आणि देण्याघेण्याचे नीट लिहून ठेवा, असे २८२वी. टोमण्यांच्या भीतीने मुले हप्ता थकल्याचे लपवतात आणि वसुलीवाले दारात आल्यावरच घराला कळते. त्याऐवजी जुम्म्याच्या नमाजनंतर अर्धा तास मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या मुलामुलींनी लोकांचे कर्जाचे कागद वाचून दाखवावेत. विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डनसारखी कॉलेजे आहेत. टक्केवारीचे गणित येणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत.

त्या तरुणाने हप्ता थांबवलेला नाही. फोरक्लोजर स्टेटमेंट मागितले आहे आणि विक्रेत्याला लेखी नोटीस धाडली आहे. त्याची अम्मी सध्या एसटीने मिरजेला जाते.