निळी कुपी घेताय? जरा थांबा!

मैत्रिणींनो, तपकीर म्हटली की आपल्याला आठवते ती आजीच्या कनवटीची डबी. चिनी लोकांनी मात्र तपकिरीसाठी बाटली केली. बोटभर उंचीची, पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर निळे डोंगर, मासे नि माणसे काढलेली. काचेच्या कपाटात एकच ठेवली तरी कपाट उजळते!

एका वाचक भगिनीने विचारले आहे : प्रदर्शनात एक विक्रेता अशी ‘पाचशे वर्षांपूर्वीची’ कुपी देतो आहे. बुडाशी मिंग घराण्यातल्या चंगह्वा बादशहाचे नाव आहे. भिशीचे पैसे हाताशी आहेत, घेऊ का?

त्या किमतीला मुळीच नको. का, ते सांगते. तंबाखू मूळची अमेरिकेची. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली आणि चंगह्वा गादीवर होता १४६४ ते १४८७. त्याच्या राज्यात तंबाखूच नव्हती, तर तपकिरीची कुपी कुठून येणार? चीनमध्ये तपकिरीचा शौक वाढला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस, छिंग घराण्याच्या अमलात, युरोपातल्या पाद्र्यांनी नि व्यापाऱ्यांनी ती आणल्यावर. सर्दी-डोकेदुखीवर औषध म्हणून दरबारी मंडळी ती ओढू लागली. पण दमट हवेत डबीतली तपकीर सर्द होई. औषधाच्या लहान बाटल्या होत्याच. अरुंद तोंड, घट्ट बूच, आणि बुचाला आतून इवलासा चमचा. काम झाले!

मग बुडाशी जुने नाव का? पूर्वीच्या कारागिरीचा मान म्हणून जुन्या बादशहाचे नाव घालायची तिकडे रीतच होती. कांग्शी (१६६१ ते १७२२) याचे नाव असलेल्या कितीतरी निळ्या कुप्याही एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. तेव्हा नुसत्या नावावरून वय ठरवू नये.

म्हणून त्या कुप्या टाकाऊ, असे नाही हं! एकोणिसाव्या शतकातली चांगली कुपीही देखणी असते. जिंगदेचनचे कारागीर कच्च्या मातीवर कोबाल्टने चित्र काढीत. माती रंग लगेच शोषून घेते, त्यामुळे रेघ चुकली तर खोडायची सोय नाही. वर झिलई देऊन सुमारे १३०० अंशांवर भाजले, की निळा रंग झिलईखाली कायमचा बंद. भिंगातून पाहा. चित्रात छापील ठिपके दिसले तर माल अलीकडचा. बूच मात्र वेगळे दिसले तर नाक मुरडू नका. बुचे हरवतात, नवी बसवतात. आमच्या चहाच्या किटल्यांची झाकणे तरी कुठे मूळची आहेत?

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. तेव्हा विक्रेत्याचा परवाना पाहायला मागा, आणि ‘अमुक काळातील’ असे पावतीवर लिहून द्या म्हणा. का कू करू लागला, तर पर्स बंद करा. केवळ शोभेसाठी हवी असेल, तर शोभेच्या वस्तूची किंमत द्या नि खुशाल घ्या.

घरी आणल्यावर ती चिंच-सोड्याने घासू नका. बूच काढून बाजूला ठेवा. त्याचा चमचा हाडाचा किंवा हस्तिदंती असू शकतो, तो भिजवायचा नाही. कुपी ओलसर मऊ फडक्याने पुसा, आणि ताट-वाट्यांच्या मोरीकडे तर नेऊच नका.